टायटॅनियमची कातडी टणक करताना

टायटॅनियम सहसा गंजत नाही, हे खरं आहे. पण म्हणून ते झिजतही नाही असं धरून बनवलेले जॉब, म्हणजे कामाला आलेले भाग, माझ्या भट्टीकडे सतत येत असतात, आणि ते आले की जीव हळहळतो. इतका महागडा धातू, इतकं नीट मशिनिंग, आणि ज्या जागी दोन भाग एकमेकांवर घासतात तिथे पृष्ठभाग ओरबाडलेला. ही वेळ येऊ नये म्हणून काय करायचं, ते इथे माझ्या पद्धतीने सांगतो. भर ग्रेड ५ वर, म्हणजे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेल्या मिश्रधातूवर आहे, कारण बहुतेकांच्या हातात तोच असतो.

आधी बिघडतं काय ते पाहू. ग्रेड ५ चा बोल्ट ग्रेड ५ च्याच नटात कोरडा फिरवा. पहिले दोन-तीन आटे मऊ जातात. मग पान्याला किंचित खरखर जाणवते, वाळूचा कण अडकल्यासारखी. तिथेच थांबलात तर ठीक. आणखी अर्धा फेरा रेटलात की बोल्ट पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. कापून उघडलात तर आट्यांच्या माथ्यावरचा धातू एका बाजूला ओढला गेलेला, जागोजागी फाटलेला आणि समोरच्या आट्याला चिकटलेला दिसतो. यालाच गॉलिंग म्हणतात. टायटॅनियमवर ऑक्साइडची जी नैसर्गिक पातळ फिल्म असते ती जेमतेम काही नॅनोमीटर जाडीची. गंजाला अडवायला तेवढी पुरते, पण घासताना ती फाटते, खालचा उघडा धातू समोरच्या उघड्या धातूला भिडतो आणि दोघं जागच्या जागी जोडले जातात. त्यात टायटॅनियमची उष्णता वाहून नेण्याची क्षमता कमी, त्यामुळे घर्षणाची सगळी उष्णता त्याच ठिपक्यावर साठून राहते.

खाऱ्या पाण्यात किंवा शरीरातल्या द्रवात हेच घडलं तर नुकसान दुहेरी होतं. फाटलेली फिल्म लगेच पुन्हा तयार होते, पण दर वेळी थोडा धातू खर्चून. घासणं चालू, फिल्म बनणं चालू, आणि बारीक काळी भुकटी जमत राहते. सांध्याच्या कृत्रिम गोळ्यासाठी नुसतं टायटॅनियम वापरणं मागे पडलं ते याच कारणाने. म्हणून झीज आणि गंज हे दोन वेगळे विषय धरून चालत नाही. घासणाऱ्या जागी फिल्म टिकली तरच गंजापासूनचं संरक्षण टिकतं.

आता टणक करायचं म्हणजे काय करायचं? पोलादासारखं तापवून पाण्यात बुडवलं आणि कडक झालं, असं इथे होत नाही. सोल्यूशन ट्रीटमेंट (खूप तापवून झटकन थंड करणं) आणि एजिंगने (मग मध्यम आचेवर ठेवण्याने) ताकद थोडी वाढते, पण पृष्ठभागाचं गॉलिंग थांबत नाही. इथे कामाला येतात ऑक्सिजन आणि नायट्रोजन. त्यांचे अणू टायटॅनियमच्या जाळीतल्या फटींत घुसतात आणि जाळी ताठ करतात. अल्फा टायटॅनियम, म्हणजे साध्या तापमानाला असणारी टायटॅनियमची रचना, तर ऑक्सिजन भरमसाट पितं, अणूंच्या हिशेबाने जवळजवळ ३३ टक्क्यांपर्यंत. विमानाचे भाग बनवणारे ज्या अल्फा केसला घाबरतात आणि आम्लात विरघळवून काढून टाकतात, तोच हा थर. फरक इतकाच की आपण तो मोजूनमापून, हवा तिथे आणि हवा तेवढाच बनवतो.

या कामात एक गोष्ट मी सगळ्यात वर ठेवतो. वरच्या कडक पापुद्र्यापेक्षा त्याच्या खालचा, ऑक्सिजन किंवा नायट्रोजन मुरलेला पट्टा महत्त्वाचा. मूळ धातू सुमारे ३४० व्हिकर्सचा (व्हिकर्स हे काठिण्याचं माप). त्यावर थेट दोन-तीन मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) टायटॅनियम नायट्राइड चढवलं तर त्याचं काठिण्य दोन हजारांच्या पुढे भरतं आणि कागदावर आकडा झकास दिसतो. पण चिखलावर फरशी ठेवून त्यावरून गाडी नेल्यासारखं ते होतं. भार आला की खालचा धातू दबतो, वरचा थर तडकतो, आणि सुटलेले कडक तुकडे पॉलिश पावडरीसारखे सगळं खरवडून काढतात. मुरलेला पट्टा असला की काठिण्य वरून आत हळूहळू उतरत जातं आणि वरच्या थराला टेकू मिळतो. कोणतीही प्रक्रिया निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा: टेकू किती खोल आहे?

हलका भार आणि सरकणं एवढंच असेल, म्हणजे पिना, बुश, झडपांचे दांडे, छोटे थ्रेड, तर साध्या हवेत मंद आचेवर केलेलं थर्मल ऑक्सिडेशन, म्हणजे तापवून ऑक्साइडचा थर वाढवणं, पुरतं. घरच्या प्रयोगशाळेतल्या मफल भट्टीतही ते जमतं, म्हणून त्याची कृती पुढे तपशिलात देतो. भार जास्त असेल तर नायट्रायडिंग (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवणं) किंवा ऑक्सिजन खोलवर मुरवण्याची प्रक्रिया. जॉब बारीक मापाचा आहे आणि तापवणं परवडतच नाही, तर पीव्हीडी, म्हणजे व्हॅक्यूममध्ये बाष्पातून पातळ कडक थर चढवणं. पण मग भार हलकाच ठेवायचा. रंगीत ॲनोडायझिंग या यादीत मी धरतच नाही. दहा ते शंभर व्होल्टवर मिळणारे ते निळे-जांभळे रंग नॅनोमीटर जाडीच्या ऑक्साइडमुळे दिसतात. दिसायला सुंदर, पण घासणाऱ्या जागी काही कामाचे नाहीत. अल्कधर्मी द्रावणात केलं जाणारं करड्या रंगाचं ॲनोडायझिंग वेगळं. कोरड्या वंगणाच्या जोडीने ते थ्रेड अडकू देत नाही, आणि एवढंच काम असेल तर तेच करा, भट्टी पेटवू नका.

थर्मल ऑक्सिडेशन करण्याआधी जॉबची अवस्था विचारून घ्या. ॲनील केलेला, म्हणजे तापवून सावकाश थंड केलेला, माल असेल तर काळजी नाही. सोल्यूशन करून एज केलेला असेल तर त्याचं एजिंग साधारण ४८० ते ५९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान झालेलं असतं. तो ६२५ अंशांवर दीड दिवस ठेवलात तर कमावलेली ताकद उतरेल. तो जॉब परत करा किंवा दुसरी प्रक्रिया सुचवा. वारंवार वाकणारा, थकव्याने मोडू शकणारा भाग असेल तरही सावध. कडक कातडीत चीर लवकर सुरू होते. अशा भागात फक्त घासणारी जागा उघडी ठेवून बाकीची झाकता येते का ते पाहा, आणि नाहीच जमलं तर डिझायनरशी बोलल्याशिवाय हात लावू नका.

पृष्ठभाग आधीच गुळगुळीत करून आणायचा. ऑक्सिडेशनने खरखरीतपणा थोडा वाढतोच, कमी कधीच होत नाही. टूलच्या खुणा, बर (कापताना कडेला उरलेला धारदार धातू), ओढला गेलेला धातू, सगळं आधी काढा. मागच्या फोर्जिंगचा किंवा वेल्डिंगचा अल्फा केस शिल्लक असेल तर तोही. त्यासाठी नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाचं मिश्रण वापरतात, आणि त्यात नायट्रिक हायड्रोफ्लोरिकच्या किमान दहापट असावं. नायट्रिक कमी पडलं की सुटणारा हायड्रोजन धातूत शिरतो आणि जॉब ठिसूळ होतो. ग्रेड ५ मध्ये हायड्रोजनची मर्यादाच ०.०१५ टक्का आहे, तेव्हा इथे ढिलाई नको. हायड्रोफ्लोरिक आम्ल हातावर पडलं तर सुरुवातीला फारसं दुखतही नाही आणि आत हाडापर्यंत जातं. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी नसेल आणि शिकवलेला माणूस नसेल, तर हे काम बाहेरच द्या.

धुण्याकडे लोक दुर्लक्ष करतात आणि माझं सगळ्यात जास्त लक्ष तिथेच असतं. अल्कधर्मी डिटर्जंटच्या कोमट पाण्यात धुवा, डीआयोनाइज्ड पाण्याने खळखळून काढा, मग ॲसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. क्लोरीन असलेलं सॉल्व्हंट चालत नाही. कोरडं मिथेनॉलही नाही, त्यात ताणाखालचं टायटॅनियम तडकतं. आणि धुतल्यानंतर उघड्या बोटांनी जॉब उचलायचा नाही. घामातलं मीठ गरम टायटॅनियमवर राहिलं आणि भागात ताण असला की तिथूनच तडा जाऊ शकतो. निष्काळजी हाताने उचललेला जॉब भट्टीतून निघाला की अंगठ्याचा ठसा रेषारेषांसह स्पष्ट उमटलेला दिसतो, बाकी पृष्ठभाग एकसारखा करडा आणि त्यात तो एक वेगळा डाग. ठसा दिसला की तो जॉब मी पुढे पाठवत नाही.

मांडणी करताना भाग एकमेकांना चिकटू देऊ नका. जिथे टेकतील तिथे थर बनत नाही. सिरॅमिकच्या टोकदार आधारावर किंवा टायटॅनियमच्याच तारेवर लटकवा. लांब दांडे उभे टांगा, आडवे ठेवलेत तर स्वतःच्या वजनाने बाक येऊ शकतो. प्रत्येक लोडमध्ये त्याच बारमधून कापलेला, तसाच पॉलिश केलेला एक तुकडा ठेवायचाच. नंतर कापायला, खरवडायला, मोजायला तोच लागतो. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) भट्टीच्या भिंतीपाशी नको, जॉबच्या शेजारी हवं.

आता आच. ६०० ते ६५० अंश ही कामाची पट्टी. ग्रेड ५ साठी मी ६२५ अंशाला ३६ तासांपासून सुरुवात करतो. ६०० ला हाच परिणाम मिळवायला बराच जास्त वेळ लागतो, पण थर घट्ट बसतो. ७०० च्या पुढे जाऊन वेळ वाचवण्याचा मोह आवरा. ऑक्साइड भराभर वाढतो, थरावर थर चढतात, आणि थंड होताना खपल्या निघतात. टायटॅनियमचा ऑक्साइड ज्या धातूपासून बनतो त्याच्या सुमारे १.७ पट जागा घेतो, त्यामुळे जाड थरात दाब साठतो आणि तो कुठेतरी सुटतोच. थंड करताना भट्टी बंद करून आतच राहू द्या. दार उघडून घाई करायची नाही.

नीट जमलं तर वर दीड-दोन मायक्रॉनचा घट्ट रुटाइल (टायटॅनियम ऑक्साइडचा एक प्रकार) थर मिळतो आणि त्याखाली दहा-पंधरा मायक्रॉनचा ऑक्सिजन मुरलेला पट्टा. माप किती वाढतं, हा प्रश्न हमखास येतो. दोन मायक्रॉनचा ऑक्साइड सुमारे सव्वा मायक्रॉन धातू खाऊन बनतो, म्हणजे प्रत्येक पृष्ठभाग पाऊण-एक मायक्रॉनने बाहेर येतो. पिनेच्या व्यासावर दीड ते दोन मायक्रॉन धरा. बहुतेक फिटमध्ये ते सामावतं.

गंजाच्या दृष्टीने हा थर नैसर्गिक फिल्मच्या शेकडो पट जाड असतो, त्यामुळे हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिकसारख्या आम्लांत, जिथे नुसती फिल्म हार खाते, तिथे तो चांगला तग धरतो. हायड्रोफ्लोरिकसमोर मात्र काहीच टिकत नाही. आणि गॅस्केटखालच्या फटीत गरम खारं पाणी साठून होणारा गंज हा या प्रक्रियेने सोडवायचा प्रश्न नव्हे. तिथे मुळातच पॅलेडियम असलेला ग्रेड ७ किंवा मॉलिब्डेनम-निकेलचा ग्रेड १२ निवडायला हवा. कडक क्रोम चढवलेल्या पोलादापेक्षा या पद्धतीत मला एक मोठा आधार वाटतो: थर कुठे टवका उडून निघाला तरी खाली टायटॅनियमच असतं, आणि साध्या खाऱ्या पाण्यात ते स्वतःची फिल्म लगेच बांधतं.

तपासणीत सगळ्यात जास्त घोळ काठिण्य मोजताना होतो. रॉकवेलच्या यंत्रावर हा जॉब ठेवूच नका, त्याची सुई थर फोडून थेट आत जाते. मायक्रोव्हिकर्सवरसुद्धा वजन काय लावलं ते पाहा. १००० व्हिकर्सच्या पृष्ठभागावर १ किलोचं वजन लावलं तर ठशाचा कर्ण साधारण ४३ मायक्रॉन येतो, आणि खोली कर्णाच्या सातव्या हिश्शाइतकी, म्हणजे ६ मायक्रॉनच्या आसपास. खालचा मऊ धातू त्यात मिसळला आणि आकडा पडला. २५ ग्रॅम लावलं तर कर्ण ७ मायक्रॉनपेक्षा किंचित कमी आणि खोली जेमतेम १ मायक्रॉन. रिपोर्टवर वजन न लिहिता नुसता आकडा दिला असेल तर तो रिपोर्ट परत पाठवा. मी वरून २५ ग्रॅमचा एक आकडा घेतोच, पण विश्वास ठेवतो तो कापलेल्या तुकड्यावर कडेपासून आत आत घेतलेल्या ठशांवर. ८००-९०० पासून ३४० पर्यंत पायरीपायरीने उतार दिसला, तर टेकू तयार झाला आहे. दोन ठशांतच धाडकन ३४० वर आलं, तर वर नुसता पापुद्रा आहे.

तुकडा मोल्डमध्ये बसवताना कडा गोल होऊ नये म्हणून कडक रेझिन घ्या. मग क्रोलचं द्रावण (धातूची रचना उठून दिसावी म्हणून लावायचं आम्लाचं मिश्रण) लावून मायक्रोस्कोपखाली बघा. ऑक्सिजन मुरलेली कड उजळ, पांढरट राहते आणि आतली अल्फा आणि बीटा या धातूच्या दोन रचनांची जाळी गडद नक्षीसारखी उठून दिसते. त्या पांढऱ्या कडेची रुंदी सगळीकडे सारखी हवी. एखाद्या बाजूला ती बारीक झाली असेल तर भट्टीत तिथे आच कमी पोचली किंवा जॉब कशाला तरी टेकला होता.

साध्या दोन चाचण्या यंत्राविना होतात. नमुन्याच्या तुकड्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. पट्टीवर खपल्या आल्या तर आच किंवा वेळ जास्त झाला. आणि नवी, धारदार कानस हलक्या हाताने फिरवा. कानस घसरली पाहिजे, चावता कामा नये. ही चाचणी जॉबवर करू नका, फक्त तुकड्यावर.

सगळं जमल्यावर एक काम उरतं आणि ते टाळलं की तक्रार येते. ऑक्साइडचा पृष्ठभाग कडक आहे आणि थोडा खरखरीत, म्हणजे समोरच्या भागासाठी तो कानसच. एक मायक्रॉनच्या डायमंड पेस्टने, मऊ कापडावर, हलका हात फिरवून शेंडे मोडा. जोर लावलात तर दोन मायक्रॉनचा थर हां हां म्हणता निघून जाईल. रंग फिकट होऊन धातूची चमक डोकावली की थांबायला उशीर झाला. समोरचा भागही टायटॅनियमचा असेल तर दोन्हींवर प्रक्रिया करा. एकच कडक आणि दुसरा मऊ ठेवलात तर मऊ भाग वेगाने झिजतो.

नायट्रायडिंगबद्दल थोडक्यात, कारण ते सहसा बाहेर करून घ्यावं लागतं आणि करून घेताना काय विचारायचं ते माहीत हवं. पोलादासाठी वापरतात तो अमोनिया इथे नको, त्यातला हायड्रोजन टायटॅनियम शोषून घेतं. शुद्ध, कोरडा नायट्रोजन हवा. टायटॅनियमची ओढ नायट्रोजनपेक्षा ऑक्सिजनकडे जास्त, त्यामुळे गॅसमध्ये जराशी ओल असली तरी आधी तीच उचलली जाते. जॉब बाहेर आला की रंगच सांगतो: स्वच्छ सोनेरी म्हणजे टायटॅनियम नायट्राइड, तपकिरी-जांभळी झाक म्हणजे ऑक्सिजन शिरला. गॅस नायट्रायडिंग साधारण ८०० ते १००० अंशांत होतं. ग्रेड ५ चं बीटा रूपांतर, म्हणजे सगळी रचना बीटा होण्याचं तापमान, ९९५ अंशांच्या आसपास असल्याने मी त्याच्या बऱ्याच खाली राहायला सांगतो, नाहीतर दाणे मोठे होतात आणि थकवा सोसण्याची ताकद घसरते. फिक्स्चर (जॉब धरून ठेवणारा सांगाडा) निकेल मिश्रधातूचं आहे का, हेही विचारा. निकेल आणि टायटॅनियम जिथे टेकतात तिथे ९४२ अंशांनाच द्रव बनतो, आणि जॉब फिक्स्चरला वितळून चिकटतो. प्लाझ्मा नायट्रायडिंगमध्ये (विजेने चेतवलेल्या वायूत केलेल्या नायट्रायडिंगमध्ये) आच कमी ठेवता येते, पण अरुंद भोकं आणि धारदार कडा जास्त तापतात, तेव्हा तिथला नमुना वेगळा मागा.

जड भाराच्या गियरसारख्या भागांना आणखी खोल टेकू लागतो. त्यासाठी ८५० ते ९०० अंशांना हवेत थोडा वेळ, वीसेक मिनिटं, ऑक्साइड वाढवतात आणि मग व्हॅक्यूममध्ये सुमारे ८५० अंशांना वीसेक तास ठेवतात. वरचा ऑक्साइड धातूत विरघळतो आणि कडक पट्टा दोन-तीनशे मायक्रॉनपर्यंत उतरतो. वरून त्यावर पीव्हीडीचा थर दिला तर तो खऱ्या अर्थाने टिकतो. व्हॅक्यूममध्ये मात्र भाग एकमेकांना लागले तर वेल्ड झाल्यासारखे जुळतात.

भट्टीजवळ टायटॅनियमची बारीक चीप किंवा भुकटी कधीही नको. ती पेटली तर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही आग वाढवतात, आणि टायटॅनियम नायट्रोजनमध्येही जळतं. धातूच्या आगीसाठीची कोरडी भुकटी किंवा अगदी सुकी वाळू हाताशी ठेवा.

झिजून परत आलेला जॉब पुन्हा करता येतो, पण जुना थर पूर्ण उतरवल्याशिवाय नाही. अर्धवट उरलेल्या ऑक्साइडवर नवा थर एकसारखा वाढत नाही आणि खपल्या तिथूनच निघतात. मुरलेल्या पट्ट्यासह साफ करायचं तर प्रत्येक पृष्ठभागावरून पंधरा-वीस मायक्रॉन जाणार. तेव्हा आधी माप घ्या, ड्रॉइंगवरची किमान मर्यादा बघा, आणि एवढं उतरवल्यावरही भाग मापात बसत असेल तरच कामाला लागा.